पट्टीच्या खाली फुगणारी शीर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रक्त न्यायला येणारा मुलगा दंडाला रबरी पट्टी आवळतो तेव्हा शीर पट्टीच्या खालच्या बाजूला फुगते, वरच्या नाही, ते का, असं तुम्ही विचारलंत. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून पत्र. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या एका राजवैद्याने याच फुगलेल्या शिरेकडे नीट बघितलं आणि वैद्यकातली चौदाशे वर्षांची समजूत मोडली. त्याचं नाव विल्यम हार्वी.

ती समजूत गेलन या प्राचीन रोमन काळातल्या ग्रीक वैद्याची. खाल्लेल्या अन्नाचं रक्त यकृतात बनतं, शिरांतून अंगभर जातं आणि जिथे जातं तिथेच मुरतं, पाटाचं पाणी वाफ्यात मुरावं तसं. हृदयाच्या मधल्या पडद्याला न दिसणारी छिद्रं असून त्यांतून थोडं रक्त डावीकडे झिरपतं, असंही गेलन सांगे. ही छिद्रं कुणालाच सापडत नव्हती, तरी ती आहेत असं बहुतेक सगळे शिकवत.

हार्वीचा जन्म 1578 मध्ये फोकस्टन या बंदराच्या गावी झाला. केंब्रिजनंतर तो इटलीत पादुआला गेला आणि 1602 मध्ये तिथून वैद्यकाची पदवी घेतली. तिथे फाब्रिसियस हा त्याचा गुरू. शिरांच्या आत असलेल्या इवल्या झडपा फाब्रिसियस विद्यार्थ्यांना दाखवत असे. त्याच्या मते सगळं रक्त पायांत साचू नये म्हणून त्या वेग कमी करतात. पण मानेच्या शिरांत झडपा असतात त्या खाली, हृदयाच्या दिशेने उघडतात. तिथे पायांत साचण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे झडप वेग कमी करायला नसून वाट एकतर्फी ठेवायला आहे. म्हातारपणी हार्वीने रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाला सांगितलं की विचाराची सुरुवात या झडपांपासूनच झाली.

आता तुमची पट्टी. हार्वीने ती दोन प्रकारे बांधली. करकचून बांधली की मनगटाची नाडी थांबते, हात गार पडतो, आणि पट्टीच्या वर धमनी उडत राहते. याचा अर्थ धमनीतलं रक्त वरून, हृदयाकडून येतं. मग पट्टी जराशी सैल करायची, नाडी पुन्हा लागेल इतकीच. लगेच हात लाल होतो, जड होतो, शिरा दोरीसारख्या वर येतात. धमनी खोलवर असते, तिची भिंत जाड आणि आतला दाब मोठा. शीर वरवरची आणि पातळ. बेताची पट्टी शिरेला दाबते, धमनीला नाही. रक्त हातात येत राहतं, परतीची वाट तेवढी बंद होते. म्हणून खाली फुगते, बाबा. रक्त शिरेतून खाली उतरत असतं तर पट्टीच्या वर फुगली असती.

पट्टी मात्र तुम्ही दोघांनी घरी बांधून बघू नका. हार्वीचा दुसरा प्रयोग नुसत्या बोटांचा आहे, तो करा. त्याच्या पुस्तकात चित्रं आहेत ती फक्त याचीच. हात मिनिटभर खाली सोडा, शिरा वर आल्या की पुढच्या हातावरची एक सरळ शीर निवडा. मनगटाकडच्या टोकाला एक बोट हलकेच दाबून ठेवा. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराकडे रक्त सारत न्या, पुढची बारीक गाठ ओलांडून, आणि ते दुसरं बोट उचला. गाठीपर्यंतची शीर चपटी, रिकामीच राहते. वरून रक्त खाली ढकलायला गेलात तर गाठीपाशी अडतं आणि ती गाठ आणखी फुगते. ती गाठ म्हणजे झडप. आता मनगटाजवळचं बोट उचला, शीर खालून क्षणात भरते. जमलं नाही तर बहुधा हात गार असतो, किंवा मध्येच एखादा फाटा येऊन मिळालेला असतो आणि शीर त्यातून भरते. मग दुसरी शीर घ्या.

आई, तुझ्या पोटरीच्या शिरा फुगतात तिथेही याच झडपा. त्या नीट मिटेनाशा झाल्या की उभं राहिल्यावर रक्त खाली घसरतं. पायमोजे सकाळी अंथरुणातून उतरण्याआधी घालायला सांगतात ते यासाठीच; त्या वेळी शिरा रिकाम्या असतात.

पण मला हार्वीचा खरा मोठेपणा त्याच्या हिशेबात वाटतो, आणि बाबा, तो तुम्हाला आवडेल. हृदयाच्या एका ठोक्याला अर्धा औंस रक्त बाहेर पडतं असं त्याने धरलं. अर्ध्या तासात ठोके धरले फक्त 1000. झाले 500 औंस, म्हणजे तेव्हाच्या औषधी औंसाने (सुमारे 31 ग्रॅम) 15 किलोच्या वर. बरं, अर्धा औंस जास्त वाटतो? एकच ड्रॅम धरा, जेमतेम 4 ग्रॅम. तरी अर्ध्या तासात चार किलोच्या आसपास, दिवसाला 180 किलोहून जास्त. एवढं रक्त कुठल्या जेवणातून बनणार? मेंढीच्या अंगात एकूण चार पौंडांवर रक्त नसतं, हे त्याने स्वतः मोजलं होतं. तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असलं पाहिजे. आकडे त्याने मुद्दाम कमी घेतले, म्हणजे भांडायला जागा उरू नये. आज आपण ठोक्याला सुमारे 70 मिलिलिटर आणि मिनिटाला 70 ठोके धरतो. अर्ध्या तासाला 147 लिटर होतात, आणि अंगात रक्त असतं पाचएक लिटर.

लंडनला सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात तो 1609 पासून वैद्य होता. 1618 मध्ये पहिल्या जेम्सच्या दरबारात नेमणूक झाली, पुढे पहिल्या चार्ल्सचा वैद्य. पुस्तक 1628 मध्ये फ्रँकफर्टला छापलं, 72 पानांचं, छपाईच्या चुकांनी भरलेलं. नऊ वर्षांहून जास्त काळ सहकाऱ्यांना प्रयोग दाखवल्यावरच त्याने ते छापायला दिलं. तरी लोक त्याला चक्रम म्हणू लागले आणि रोगी कमी झाले, असं त्याला ओळखणारा जॉन ऑब्री लिहितो. दरबाराचा आधार इथे फार मोलाचा ठरला. गर्भ कसा घडतो हे बघायला राजाने आपल्या राखीव रानांतली हरणं दिली. लहानपणी पडून बरगड्या मोडल्यामुळे छातीला कायमचं भोक राहिलेल्या एका सरदारपुत्राकडे राजानेच त्याला पाठवलं. हार्वी त्या तरुणाला घेऊन दरबारात आला, राजाने आणि हार्वीने त्याच्या धडधडत्या हृदयाला हात लावला, आणि हृदयाला स्पर्श कळत नाही हे तिथे समजलं. त्या मुलाला वेदना तर नाहीच, हात लागल्याचंही कळलं नव्हतं.

राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धात हार्वी राजाबरोबर राहिला. व्हाइटहॉलमधली त्याची खोली लुटली गेली, कीटकांवरची टिपणं कायमची गेली. त्याचं मला अजून वाईट वाटतं. आणखी एक गोष्ट खटकते. रक्त फिरतं हे सिद्ध करूनही तो रोग्यांचं रक्त काढतच राहिला. शोध लागला, उपचार तेच राहिले.

धमनीतलं रक्त शिरेत नेमकं कुठून जातं, हे मात्र त्याला दिसलं नाही. सूक्ष्मदर्शक त्याच्या हाताशी नव्हता. 1657 मध्ये तो गेला, आणि 1661 मध्ये माल्पिगी या इटालियन वैद्याने बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या, म्हणजे धमन्या आणि शिरांना जोडणाऱ्या अतिबारीक नळ्या, दाखवल्या.

तर बाबा, पुढच्या वेळी तो मुलगा आला की पट्टी मिनिटभरापेक्षा जास्त ठेवू देऊ नका. परतीची वाट बंद असताना रक्तातलं पाणी बाहेर झिरपतं, उरलेलं दाट होतं आणि काही आकडे खोटेच वाढतात. मुठीची उघडझाप करायची सवयही सोडा, त्याने पोटॅशियम जास्त दिसतं. मूठ नुसती मिटून ठेवलीत तरी पुरे. आणि आई, हात गार असतील तर आधी कोमट पाण्यात धरायला लाव त्यांना, शीर लवकर सापडेल.

तुमची,
धाकटी