वॉटर स्कूटरच्या इंजिनाचे चुकीचे निदान व खर्चाचा परतावा याबाबत तक्रार

नाशिक
दिनांक : 12 मे 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

गेल्या ऑक्टोबरमध्ये मी आपली फोर-स्ट्रोक वॉटर स्कूटर विकत घेतली. गंगापूर धरणाच्या पाण्यात, रीतसर परवानगी घेऊन, आम्ही घरची मंडळी ती रविवारी चालवतो. खाऱ्या पाण्यात ती एकदाही उतरलेली नाही. पहिली सर्व्हिसिंग होईपर्यंत बटण दाबले की इंजिन लगेच सुरू होई. सर्व्हिसिंगहून आल्यापासून मात्र स्टार्टर जड फिरू लागला आणि चार-पाच वेळा बटण दाबल्यावर इंजिन कसेबसे पेट घेऊ लागले.

त्यानंतर तीन वेळा ट्रेलर जोडून, कसारा घाट उतरून मी स्कूटर आपल्या अधिकृत सेवा केंद्रात नेली. पहिल्यांदा बॅटरी बदलली. दुसऱ्यांदा स्पार्क प्लग बदलले. तिसऱ्यांदा पुन्हा बॅटरी बदलली आणि वर ‘तुमच्याकडचं पेट्रोलच खराब’ असे ऐकवले. या वस्तू वॉरंटीत बसत नाहीत असे सांगून प्रत्येक वेळी बिल माझ्याकडून वसूल केले. तिन्ही जॉबकार्डांवर व्होल्टेजचा एकही आकडा लिहिलेला नाही. माझा खरा राग यावर आहे.

20 एप्रिलच्या रविवारी पुतण्याला घेऊन पाण्यात गेलो होतो. दहा मिनिटे इंजिन बंद ठेवले आणि नंतर ते सुरूच होईना. दुपारचा वारा सुटला होता, काठ लांब होता. लाइफ जॅकेट होती म्हणून निभावले. एका मासेमाराने होडीला दोर बांधून आम्हाला काठाला आणले. पोरगा चौदा वर्षांचा आहे. घरी आल्यावर त्याच्या आईला काय सांगायचे, मला सुचेना.

दुसऱ्या दिवशी सातपूरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावले. स्कूटर त्याने आयुष्यात पहिल्यांदाच उघडली, पण आधी मीटर लावला. बॅटरी चार्ज करून स्थिर असताना 12.6 व्होल्ट, म्हणजे उत्तम. स्टार्टर फिरत असताना बॅटरीच्या टोकांवर 11.4, म्हणजे तिथेही दोष नाही. पण त्याच वेळी स्टार्टरला पोहोचत होते फक्त 8.7. मग त्याने मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनाच्या ब्लॉकला लावली. 2.3 व्होल्ट तिथेच गळत होते. अर्ध्या व्होल्टच्या आत असायला हवे, असे तो म्हणाला. अर्थिंगच्या केबलचा ब्लॉकवरचा बोल्ट हाताने फिरत होता आणि खालचा लग, म्हणजे केबलच्या टोकाची धातूची कडी, हिरवा पडला होता. लग घासून स्वच्छ केला, बोल्ट आवळला, आणि स्कूटर पहिल्याच बटणाला सुरू झाली. आज तीन आठवडे झाले, एकदाही अडलेली नाही. या कामाला लागला अर्धा तास.

पेट्रोलचेही मी तपासले. टाकीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवले; तळाशी पाण्याचा थर दिसला नाही. मात्र आपल्या पुस्तिकेत इथेनॉल 10 टक्क्यांपर्यंतच चालेल असे छापले आहे आणि आपल्याकडे पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. विकताना याबद्दल कोणी एक शब्द काढला नाही. ग्राहकाने काय भरावे, हे आपण लेखी कळवावे.

दोन्ही बॅटऱ्या, प्लग व मजुरीची पूर्ण रक्कम परत मिळावी. केबल वॉरंटीत बदलून द्यावी आणि सर्व्हिसिंगमध्ये तो बोल्ट कोणी सोडला होता, सैल कसा राहिला, याचा लेखी खुलासा द्यावा. तसेच स्टार्ट न होणारी स्कूटर आली की बॅटरी बदलण्याआधी बॅटरीवरचे आणि स्टार्टरवरचे व्होल्टेज मोजून जॉबकार्डावर लिहावे, असा आदेश आपल्या सर्व केंद्रांना द्यावा. पैशांइतकीच ही मागणी मला महत्त्वाची आहे, कारण पाण्यात अडकलेल्या माणसाला उतरून धक्का मारता येत नाही.

15 दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये सेवेतील त्रुटीबद्दल नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपला,
एक ग्राहक

सोबत : तीन जॉबकार्डे, बिलांच्या प्रती, मीटरवरील आकड्यांची व सैल बोल्टची छायाचित्रे