एका गव्हर्नरच्या दोन खतावण्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात नवी मुंबई आणि नायजेरियातील लागोस या दोन शहरांच्या मेट्रोंची तुलना करणारा लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिला आहे यात शंका नाही. मात्र लागोसचे माजी गव्हर्नर लतीफ जाकांदे यांची त्यात दोन ओळींत बोळवण झाली आहे. न झेपणाऱ्या मेट्रोवर पैसा बुडवला आणि पुढे लष्करशहाचे मंत्रिपद स्वीकारले, एवढीच त्यांची ओळख वाचकांपुढे राहते. मी 2003 ते 2010 अशी सात वर्षे लागोसच्या इसोलो भागातील एका कारखान्यात हिशेबनीस होतो. हिशेबाच्या माणसाला ही नोंद खटकली, म्हणून हे पत्र.

आधी एक किरकोळ वाटणारी पण दिशाभूल करणारी गोष्ट. लेखात गव्हर्नरसाठी सर्वत्र 'राज्यपाल' हा शब्द आला आहे. राज्यपाल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे राजभवन, शपथविधी आणि अभिभाषण येते. नायजेरियात गव्हर्नर हा थेट जनतेने निवडून दिलेला कार्यकारी प्रमुख असतो, म्हणजे अधिकाराच्या दृष्टीने आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. शाळा, घरे, रस्ते यांचे श्रेय किंवा दोष त्याच्या माथी का येतो, हे त्याशिवाय कळत नाही.

जाकांदे मूळचे पत्रकार. 'नायजेरियन ट्रिब्यून'चे ते संपादक होते, आणि राजकीय नेते ओबाफेमी आवोलोवो यांच्यासोबत राजद्रोहासारख्या आरोपाखाली शिक्षा होऊन 1966 पर्यंत ते तुरुंगात होते. 1979 मध्ये आवोलोवोंच्या युनिटी पार्टी ऑफ नायजेरियाकडून ते लागोसचे पहिले निवडून आलेले गव्हर्नर झाले. डिसेंबर 1983 च्या अखेरीस लष्कराने सत्ता घेतली आणि त्यांची कारकीर्द संपली. म्हणजे हातात मिळाली जेमतेम सव्वाचार वर्षे. त्या काळात ते इलुपेजूतील स्वतःच्या घरातच राहिले आणि स्वतःचीच गाडी वापरत राहिले, हे लागोसची जुनी माणसे आजही कौतुकाने सांगतात.

त्यांच्या कामांत मी सर्वांत वर शाळा ठेवीन, कारण तिथे त्यांनी नेमके दुखणे ओळखले होते. लागोसच्या सरकारी शाळा तेव्हा पाळ्यांमध्ये भरत. ठाण्यात माझी स्वतःची शाळा दुपारपाळीची होती. आम्ही वर्गात शिरायचो तेव्हा फळ्यावर सकाळच्या मुलांची अर्धवट पुसलेली गणिते असायची, बाके उन्हाने तापलेली असायची, आणि शेवटच्या तासाला मास्तरांचे लक्ष आमच्यापेक्षा घड्याळाकडे जास्त असायचे. जाकांदे यांनी 1980 मध्ये पाळीपद्धत बंद केली आणि त्यासाठी लागणाऱ्या वर्गखोल्या झपाट्याने, स्वस्तात बांधून काढल्या. बुटक्या, साध्या, पत्र्याच्या छपराच्या त्या खोल्यांना विरोधकांनी कोंबड्यांची खुराडी म्हणून हिणवले. देखणेपणाच्या बाबतीत विरोधक खोटे बोलत नव्हते. पण खुराड्यात का होईना, प्रत्येक मुलाला सकाळी बसायला स्वतःची जागा मिळाली, आणि शिक्षण मोफत राहिले. लागोस राज्य विद्यापीठही त्यांच्याच काळात, 1983 मध्ये स्थापन झाले.

घरांचीही तीच तऱ्हा. इसोलो, अबेसान, इजाये, आमुवो-ओदोफिन अशा ठिकाणी त्यांच्या सरकारने अल्प उत्पन्न गटासाठी 20 हजारांहून अधिक घरे बांधली. आमच्या कारखान्यातले दोन फोरमन त्यातल्याच एका वसाहतीत राहत. जिन्यांचे कठडे गंजलेले, भिंतींवर ओलीचे नकाशे, खालच्या मजल्यावर प्रत्येकाने आपापल्या सोयीने वाढवलेल्या खोल्या. सिडकोच्या जुन्या वसाहतींत आयुष्य काढलेल्या नवी मुंबईकराला यातले काहीच नवे वाटणार नाही. दुरुस्तीकडे पुढच्या कोणत्याच सरकारने धड पाहिले नाही, आणि बांधकाम मुळात फार दर्जेदार होते असेही मी म्हणणार नाही. पण त्या फोरमनना विचारले तर ते गळतीविषयी तक्रार करत आणि पुढच्याच वाक्यात, हे घर नसते तर लागोसमध्ये टिकलो नसतो, असेही सांगत. त्या वसाहतींना लोक सरसकट 'जाकांदे इस्टेट' म्हणतात. पिवळ्या दानफो मिनीबसच्या दारात एका पायावर लोंबकळणारा कंडक्टर 'जाकांदे गेट, जाकांदे गेट' असे ओरडत उतारू गोळा करायचा, तेव्हा आपण एका जिवंत माणसाचे नाव घेतो आहोत हे त्याच्या गावीही नसे. जाकांदे तेव्हा त्याच शहरात, ऐंशीच्या घरात पोहोचलेले, शांतपणे राहत होते. 11 फेब्रुवारी 2021 रोजी, वयाच्या 91 व्या वर्षी ते गेले.

आता मेट्रोकडे येतो, कारण लेखाचा मुख्य आक्षेप तिथेच आहे. वाढत्या लागोससाठी उन्नत रेल्वे हवी, हे जाकांदे यांनी ओळखले आणि 'मेट्रोलाइन'चे कंत्राट फ्रेंच कंपन्यांच्या गटाला दिले. लष्कराच्या उठावानंतर जनरल मुहम्मदू बुहारी सत्तेवर आले आणि 1985 मध्ये त्यांच्या सरकारने हा प्रकल्प रद्द केला. तेलाचे उत्पन्न घटले होते, देशावर कर्ज होते, काटकसर हवी होती, हे रद्द करणाऱ्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. पण करार मोडल्याने लागोसच्या करदात्यांचे सुमारे 7 कोटी 80 लाख डॉलर गेले आणि बदल्यात शहराला एक फूटही रूळ मिळाला नाही. हिशेबाचा साधा नियम असा की जो व्यवहार मोडतो, त्या मोडण्याचा तोटा त्याच्या नावे टाकला जातो. लेखाने तो जाकांदे यांच्या नावे टाकला आहे. प्रकल्प न झेपणारा होता की नव्हता, यावर जरूर वाद घालावा. मात्र तो अपुरा राहिला, एवढ्याच कारणाने तो चुकीचा ठरत नाही.

पुढचा इतिहास लेखात आला असता तर वाचकांना आपोआपच उलगडा झाला असता. बाबाटुंडे फाशोला गव्हर्नर असताना 2009 मध्ये लागोस मेट्रोच्या पहिल्या मार्गाचे, ब्लू लाइनचे, काम सुरू झाले. मी इसोलोत होतो तेव्हा त्याची चर्चा जेवणाच्या सुट्टीत चाले आणि आमचे नायजेरियन सहकारी, ही तर जाकांदेचीच रेल्वे, असे म्हणून हसत. त्यानंतर अकिनवुन्मी अंबोदे आले, मग बाबाजिदे सानवो-ओलू आले, आणि अखेर 24 जानेवारी 2023 रोजी पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले. ते करणारे पाहुणे होते तोवर लोकनियुक्त राष्ट्राध्यक्ष झालेले तेच मुहम्मदू बुहारी. प्रवासी वाहतूक 4 सप्टेंबर 2023 पासून सुरू झाली. माइल टू ते मरीना, 13 किलोमीटर, पाच स्थानके.

आपली बेलापूर ते पेंधर मेट्रो त्यानंतर अडीच महिन्यांनी, 17 नोव्हेंबर 2023 रोजी, उद्घाटन सोहळ्याची वाट न पाहता सुरू झाली. 11.1 किलोमीटर, 11 स्थानके, पायाभरणी 2011 ची. खारघरला उत्सव चौकाजवळ राहायला आल्यापासून मी ते खांब वर्षानुवर्षे नुसते उभे असलेले पाहिले आहेत, आणि त्यांच्यावर चिकटवलेल्या क्लासच्या जाहिराती उन्हापावसाने विरून गेलेल्याही पाहिल्या आहेत. बारा वर्षांत राज्यात किती मुख्यमंत्री झाले ते वाचकांनी मोजावे. तरीही काम रखडले, मोडीत निघाले नाही. जाकांदे यांच्या नशिबी हे नव्हते, आणि त्याचे कारण त्यांची दूरदृष्टी कमी पडली हे नसून मध्ये लष्कर आले हे आहे.

इथवर मी त्यांचा वकील वाटत असेन. लेखाचा दुसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे. किंबहुना तो पुरेसा कडक नाही असे माझे मत आहे. 12 जून 1993 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत मोशूद अबिओला विजयी होत असताना ती निवडणूक लष्करी राजवटीने रद्द केली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जनरल सानी अबाचा यांनी सत्ता हातात घेतली. अबाचांच्या मंत्रिमंडळात जाकांदे बांधकाम आणि गृहनिर्माण मंत्री झाले. अबिओला आणि इतर ज्येष्ठ यांच्या संमतीनेच आपण गेलो, अशी त्यांची बाजू होती. ती मान्य केली तरी 1994 मध्ये अबिओला यांना अटक झाल्यावर काय? नैऋत्य नायजेरियातील योरुबा समाजाच्या ज्या नेत्यांच्या वर्तुळात जाकांदे घडले होते, त्यांनी बाहेर पडण्यास सांगितल्यावरही ते 1995 पर्यंत मंत्रिपदावर राहिले. ज्याने स्वतः तुरुंग भोगला, ज्याची सत्ता बंदुकीने हिरावली गेली, त्याने हे करावे याचे उत्तर मला त्यांच्या कुठल्याच खुलाशात सापडले नाही. बरे, घरे बांधता येतील म्हणून थांबलो असे म्हणावे, तर त्या काळात देशभरासाठी जाहीर झालेल्या 1 लाख 21 हजार घरांपैकी फारच थोडी उभी राहिली.

माझा आग्रह आहे तो या दोन नोंदी दोन खतावण्यांत ठेवण्याचा. इसोलोतील घरे दाखवून अबाचांचे मंत्रिपद माफ करणारे लागोसमध्ये पुष्कळ भेटतात; आपल्या लेखाने नेमके उलटे केले आणि मंत्रिपदाच्या रागापोटी मेट्रोचा तोटाही त्यांच्याच माथी मारला. एका खात्यातली जमा दुसऱ्या खात्यात अशी वळती करता येत नाही, मग ती कोणत्याही बाजूने असो.

मेट्रोवरील लेखमालेचा पुढचा भाग येत्या रविवारी असल्याचे जाहीर झाले आहे. त्यात 1985 साली प्रकल्प कोणी रद्द केला, हे एका ओळीत छापावे आणि 'राज्यपाल' हा शब्द बदलावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस
खारघर, नवी मुंबई