मामा, त्या दिवशी तुम्ही घाई करू दिली नाहीत

मामांना सप्रेम नमस्कार,

तुम्ही फोनवर वाचत नाही हे मला ठाऊक आहे. तुमचा नातू वाचून दाखवेल. तरी सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण मे महिन्यात माथेरानमध्ये तुम्ही मला जे शिकवलंत, ते तट्टू घ्यायला निघालेल्या आणखी कुणाच्या उपयोगी पडावं असं फार वाटतं.

सीझन संपत आला होता. पावसाळ्यात धंदा बंद, वैरण महाग, म्हणून एकजण आपलं अबलख तट्टू विकतोय असं कळलं आणि मी नेरळहून वर आले. त्या तट्टाला, राजाला, पाहिलं आणि जीव कळवळला. बरगड्या मोजता येत होत्या, पाठीचा कणा वर आला होता. मालक म्हणाला, सीझनभर राबलाय, खाली हिरव्या गवतावर महिनाभर सोडा, भरून येईल. तो खोटं बोलत होता असं मला आजही वाटत नाही. त्याची तशीच समजूत असावी. मी पैसे काढायच्या बेतात होते. शेजारच्या ठाणावर तुम्ही खरारा करत होतात. हात न थांबवता तुम्ही विचारलंत, "ताई, त्याला खाताना पाहिलंत का?"

नव्हतं पाहिलं. रंग पाहिला होता, चाल पाहिली होती, कुठला भोवरा कुठे आहे तेही मालकानं कौतुकानं दाखवलं होतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "उद्या सकाळी चारा टाकायच्या आत या."

दुसऱ्या दिवशी उजाडताना तुम्ही मला आधी लीद दाखवलीत. घोडा बघायला आलेल्या बाईला कुणी लीद दाखवेल अशी माझी कल्पना नव्हती. काडीनं ती फोडलीत. आत बोटाएवढ्या लांब गवताच्या काड्या होत्या आणि अख्खेच्या अख्खे हरभरे, भिजून फुगलेले. मग तुमच्या घोड्याची लीद शेजारी ठेवलीत: ओलसर गोळ्या, आत बारीक दळल्यासारखा भुसा. मला काही सांगायची गरजच उरली नाही.

मग राजासमोर सुकं गवत टाकलं. तो अधाशासारखा तुटून पडला. भूक होती, यात शंका नाही. पण दोन-चार वेळा चावून झालं की मान तिरकी करायचा, जबडा एकाच बाजूनं फिरवायचा, थांबायचा आणि तोंडातून एक गोळा खाली पडायचा. तुम्ही तो उचलून माझ्या तळहातावर ठेवलात. लिंबाएवढा, लाळेनं चिकट, उसाच्या चोथ्यासारखा. अर्ध्या तासात तसे सात गोळे पडले. शेवटी त्यानं गवताचा तोंडभर घास नेऊन पाण्याच्या बादलीत बुडवला आणि मऊ करून खाल्ला. ते बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी युक्ती त्या मुक्या जिवानं स्वतःच शोधून काढली होती, आणि कितीतरी दिवस ती कुणाच्या लक्षात आली नसावी.

"ह्याला खायचंय, पण खाता येत नाही," तुम्ही म्हणालात. "ज्याला खायचंच नाही त्याचं दुखणं वेगळं." चंदीपासून, म्हणजे दाण्याच्या खुराकापासून, तोंड फिरवणारा, सारखा कुशीकडे बघणारा, पाय आपटणारा, बसतोय-उठतोय करणारा घोडा असेल तर तो शूळ. मग घेणं-देणं बाजूला, आधी डॉक्टर. घोड्याला ओकता येत नाही, पोटात गेलेलं वर येत नाही, म्हणून पोटाचं दुखणं त्याच्या जिवावर बेततं. दाताचं मात्र बरं करता येतं, फक्त ते आहे हे माहीत असायला हवं.

त्या सकाळी तुम्ही मला आणखी काय काय करायला लावलंत! हिरडीवर अंगठा दाबून सोडायचा, पांढरा डाग दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. दोन्ही कुशींना कान लावायचा, आतून गुडगुड यायला हवी, शांत पोट वाईट. खुरांवर हात ठेवायचा, चारीपैकी एखादा गरम लागतो का बघायचं. पुढच्या खुरांना दाह झालेला घोडा पाय पुढे टाकून, वजन मागे घेऊन उभा राहतो आणि दगडावर वळताना कुचंबतो. नुसत्या नजरेवर जायचं नाही, दाट केसांखाली हडकुळा घोडाही भरलेला दिसतो. आणि पोट सुटलेलं पण पाठ बसलेली असेल तर जंत धरून चालायचं.

पोटाखाली हात फिरवायला सांगितलात तेव्हा तुमचा चेहरा बदलला होता. तिथं आणि पायांना सूज, येऊन-जाऊन ताप, खाऊनही वाळत जाणं, ही सर्ऱ्याची लक्षणं. घोडमाश्या तो रोग एका जनावरातून दुसऱ्यात नेतात आणि पावसाळ्यात नेरळकडे त्या माश्यांचा नुसता कहर असतो. राजाच्या पोटाखाली सूज नव्हती. तरी तुम्ही अडून बसलात: रक्त तपासल्याशिवाय न्यायचा नाही. सर्ऱ्याचं आणि ग्लँडर्सचंही. ग्लँडर्स माणसाला होतो, आणि घोड्यात निघाला तर त्याला मारण्याशिवाय कायद्यानं दुसरी वाट नाही, हे मला पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नंतर समजावलं. त्याचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राकडे गेला. अहवाल येईपर्यंत मी रोज तुम्हाला फोन करायचे आणि तुम्ही रोज तेच सांगायचात, "थांबा, तो कुठं पळत नाही." मालकालाही तुम्हीच समजावलंत आणि तोपर्यंत राजाला ओला कोंडा द्यायला लावलात. दोन्ही अहवाल चांगले आले.

राजा खाली आल्यावर चौथ्या दिवशी त्याचे दात घासले. गुंगीचं इंजेक्शन, तोंडात लोखंडी चौकट आणि लांब दांड्याची कानस. डॉक्टरांनी टॉर्च मारून मला आत बघायला लावलं. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची आणि खालच्या दाढांची आतली कड झिजायची राहते आणि सुरीसारखी होते. दाढा वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर येतच राहतात. गवत कमी आणि चंदी जास्त मिळाली की जबडा पुरेसा आडवा फिरत नाही, कडा आणखी वाढतात. राजाच्या डाव्या गालात आतून दोन जखमा होत्या. त्या गालानं तो सीझनभर लगाम झेलत पाहुण्यांना गाड्या थांबतात त्या दस्तुरी नाक्यावरून वर नेत होता.

तुम्ही बजावलं होतंत, दात झाले म्हणून एकदम चंदी वाढवायची नाही, शूळ नाही तर खुरांचा दाह ठरलेला. मी महिनाभर भिजवलेलं गवत आणि कोंडा दिला, मग मूठमूठ हरभरा. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी लीद फोडली आणि आत एकही अख्खा दाणा नव्हता. भर पावसात मी अंगणात उभी राहून आईला हाका मारल्या.

मामा, त्या दिवशी मी तुमच्या हातावर पैसे ठेवायला गेले तर तुम्ही हात मागे घेतलात. तुमचा अख्खा दिवस मोडला होता, दोन गिऱ्हाइकं गेली होती, आणि मी तुमची कुणीच नव्हते. मी राजाला तसाच घेऊन आले असते, हिरव्या गवतावर सोडला असता आणि तो उपाशी का राहतोय हे न कळता त्याला अजून हरभरा घालत बसले असते. हे मनात आलं की आजही पोटात गोळा येतो.

तुम्ही छातीच्या घेराला बांधून गाठ मारून दिलेली सुतळी तबेल्यात खिळ्याला आहे. दर पंधरा दिवसांनी मापते. दसऱ्याला झेंडूची माळ घालायच्या आधी मापलं, तुमच्या गाठीपासून चार बोटं पुढे दुसरी गाठ पडली. नोव्हेंबरात डॉक्टर पुन्हा दात बघायला येणार आहेत. तेव्हा तुम्हाला सवड असेल तर नातवाला घेऊन एक दिवस खाली या. आई भाकरी करेल, आणि राजाला खाताना तुम्ही बघावं अशी माझी फार इच्छा आहे.

तुमची,
नेरळची ताई