पहिल्या वर्षाच्या मुलांना मांडून ठेवलेले टेबल देऊ नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचे वर्ग सुरू झाले आहेत. नव्या शैक्षणिक धोरणातले मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम विषय) आणि श्रेयांक (क्रेडिट) यांवर घरोघरी बोलले जाते. प्रयोगशाळेत मुले काय शिकतात, याची चौकशी मात्र फारसे कोणी करत नाही. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून माझी सगळी नोकरी झाली, म्हणून हे पत्र.

बारावीनंतर जीवशास्त्राकडे येणारी बहुतेक मुले ‘नीट’ची तयारी करून आलेली असतात. त्या परीक्षेत ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे, आणि सगळे पर्यायी प्रश्न. बोर्डाला प्रात्यक्षिकाचे ३० गुण आहेत, पण दोन वर्षे क्लासमध्ये काढलेल्या किती मुलांनी मायक्रोस्कोप स्वतःच्या हाताने फिरवलेला असतो, हे पहिल्याच प्रॅक्टिकलला कळते. प्रोफेज, मेटाफेज, अ‍ॅनाफेज, टेलोफेज हे पेशीविभाजनाचे टप्पे तोंडपाठ. स्लाइड समोर ठेवली की सुरुवातच ४० एक्सच्या भिंगाने होते, मोठा स्क्रू फिरतो आणि स्लाइडवरची पातळ काच, म्हणजे कव्हरस्लिप, तडकते. आधी १० एक्सवर शोधावे, मग भिंग बदलावे आणि त्यानंतर फक्त बारीक स्क्रूला हात लावावा, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. काळ्या कडेचा हवेचा बुडबुडा पेशी म्हणून काढून दाखवणारी मुले दरवर्षी भेटतात. मुले हुशार आहेत, हाताला सवय नाही एवढेच.

दोष आमच्या पद्धतीचाही आहे. पेशीविभाजन बघण्यासाठी केले जाणारे कांद्याच्या मुळाच्या टोकाचे प्रॅक्टिकल घ्या. कांदा पाण्यावर ठेवणे, मुळे फुटल्यावर ती सकाळच्या वेळी कापणे, तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडमध्ये टाकणे, दुसऱ्या दिवशी ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढणे ही सगळी कामे सहायक करतो. मुलांच्या टेबलावर येते ती लेबल लावलेली बाटली. मुळे सकाळीच का कापली, हा प्रश्न त्यांच्या मनात येणार तरी कसा? मग अ‍ॅसिटोकार्मिन या रंगद्रव्यात रंगवलेले अख्खे मूळ स्लाइडवर ठेवून दाबले जाते, लांबट पेशींशिवाय काही दिसत नाही आणि मुले म्हणतात, ‘सर, डिव्हिजन नाहीच.’ डिव्हिजन असते ती टोकाच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये. तिथेच रंग सर्वांत गडद चढतो. तेवढे टोक ठेवायचे, बाकीचे मूळ कापून टाकायचे आणि ब्लॉटिंग पेपर ठेवून अंगठ्याने सरळ दाबायचे. कव्हरस्लिप घसरली की मेहनत वाया. हे एकदा ज्याच्या हाताला समजले, त्याला पुढे शिकवावे लागत नाही.

माझी पहिली सूचना बिनखर्चाची आहे. प्रत्येक बॅचमधल्या चार मुलांना आळीपाळीने प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी तयारीच्या खोलीत बोलवा. द्रावणे त्यांना करू द्या. १० टक्के मिठाचे द्रावण करा म्हटले की १० ग्रॅम मीठ तोलून त्यावर १०० मिली पाणी ओततात. मीठ थोड्या पाण्यात विरघळवून मग खुणेपर्यंत १०० मिली करायचे, हा फरक फळ्यावर सांगून राहत नाही. अगदी थोडा द्रव मोजून घेण्याच्या मायक्रोपिपेटचेही तेच. बटण पहिल्या थांब्यापर्यंत दाबून द्रव घ्यायचा आणि सोडताना दुसऱ्यापर्यंत दाबायचे. उलट केले तर जास्त द्रव येतो आणि पुढची सगळी गणिते चुकतात. सत्राचे पहिले तीन-चार आठवडे एवढ्याच गोष्टींना द्यावेत, गुण न लावता.

दुसरी गोष्ट जर्नलची, आणि मला तिचे जास्त वाईट वाटते. मागच्या वर्षीच्या मुलांची जर्नले फिरतात, आकृत्या ट्रेस होतात, निरीक्षणाचे आकडेसुद्धा तेच. मायक्रोस्कोपखाली फाटकी, दुमडलेली साल दिसते आणि जर्नलमध्ये विटांसारख्या एकसारख्या पेशी येतात. त्यावर सही होते. खरा आकडा लिहिणाऱ्या मुलीचे उत्तर ‘जुळत नाही’ म्हणून गुण कापलेले मी पाहिले आहेत. ती मुलगी पुढे खरा आकडा कशाला लिहील? टेबलावर बसून तारखेनिशी लिहिलेली कच्ची वही, खोडाखोडीसकट, तपासली जावी आणि गुण तिलाच असावेत. उत्तर का चुकले असेल, हे दोन ओळींत लिहिणाऱ्याला जास्त.

अभ्यासाच्या सवयीबद्दल एकच सांगतो. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुले इंग्रजी कृती वाचायला घाबरतात आणि शेजारच्याचे बघून करत जातात. आदल्या रात्री ती कृती स्वतःच्या मराठीत पाच-सहा ओळींत लिहून आणायला सांगावी. लिहून आणणारी मुले प्रॅक्टिकलला वेगळी ओळखू येतात; बाटली उचलण्याआधी लेबल वाचतात.

श्रेयांक पद्धतीत प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात ३० तास. वेळ कमी नाही. माणसे कमी आहेत. आमच्या भागात सहायकांच्या जागा निवृत्तीनंतर रिकाम्याच राहतात आणि एकच जण दोन-तीन विभाग सांभाळतो. भरती होईल तेव्हा होवो. तोवर महाविद्यालयांनी निवृत्त सहायकांना निदान पहिल्या महिन्यापुरते मानधनावर बोलवावे. माझ्या ओळखीचे बरेच जण आनंदाने येतील, मीही येईन.

– एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, कराड