मॅडम, या उजव्या पायाचे श्रेय तुमचे

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

कमर्शियल पायलटचं लायसन्स हातात पडलं आणि विमान चालवायला शिकवणाऱ्या तुमची पहिली आठवण आली. हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुमचं शिकवणं नव्या मुलामुलींपर्यंतही पोहोचायला हवं.

फुल थ्रॉटल, म्हणजे इंजिनाला पूर्ण जोर, दिला की सेसना १७२ हे शिकाऊंचं छोटं विमान डावीकडे ओढतं, हे पुस्तकात सगळेच वाचतात. तुम्ही मला हँगरमध्ये शेपटीपाशी उभं केलंत. कॉकपिटमधून पाहिलं तर प्रोपेलर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्याने मागे फेकलेली हवा विमानाभोवती पीळ घेत येते आणि उभ्या शेपटीवर डावीकडून आदळते. नेमकी कुठे, तिथे तळहात टेकवून दाखवलंत. शेपूट उजवीकडे ढकलली जाते, म्हणून नाक डावीकडे. नाक उचललं की उजवीकडच्या, खाली येणाऱ्या पात्याचा जोर वाढतो, तोही डावीकडेच वळवतो. त्यात डावीकडून क्रॉसविंड, म्हणजे आडवा वारा, असला तर सगळंच एका बाजूला.

“विमान वळायची वाट बघू नकोस, थ्रॉटलबरोबर उजव्या पेडलवर पाय दे, नाक सरळ राहील. आणि टाचा खाली!” हे तुम्ही किती वेळा बजावलंत! टाच उचलली की बोटं पेडलच्या वरच्या भागावर जातात आणि नकळत एका चाकाचा ब्रेक लागतो. मॅन्युअलमधले १५ नॉट म्हणजे चाचणीत दाखवलेला क्रॉसविंड, नवशिक्याची मर्यादा त्याहून बरीच कमी असावी, हेही तुमचंच.

पण सर्वांत मोठे आभार त्या दुपारचे. वारा झोत मारत होता, टेक-ऑफसाठी धावताना नाक धावपट्टीची मधली रेषा सोडायला लागलं, वेग अजून कमी होता. तुम्ही शांतपणे थ्रॉटल मागे घेतलात, टॉवरला कळवलंत आणि विमान परत आणलंत. बाहेर बाकीचे विद्यार्थी बघत होते, तुमच्या चेहऱ्यावर रेषही हलली नाही. अशा वेळी घाईने विमान हवेत ओढणं किती जिवावर बेतू शकतं, हे त्या दिवशी मनात पक्कं बसलं. टेक-ऑफ सोडून देणं कमीपणाचं नाही, हे इतक्या वरिष्ठ व्यक्तीने करून दाखवावं लागतं.

आता टेलव्हील, म्हणजे शेपटीखाली छोटं चाक असलेलं, विमान शिकायचं ठरवलंय. तिथे वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, त्यामुळे एकदा वळायला लागलं की विमान वळतच जातं. शेपूट उचलताना फिरत्या प्रोपेलरमुळे नाक आणखी डावीकडे जातं. सुरुवात करण्याआधी हँगरमध्ये तासभर वेळ द्याल का? तुम्ही म्हणाल त्या दिवशी येईन.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी