अंजिराच्या काड्या आणू नका

टोरांटो,
१९ एप्रिल

ती. बाबा व ती. सौ. आई यांना साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

परवा फोनवर बाबा म्हणाले की, जूनमध्ये येताना मोरीमागच्या अंजिराच्या चार काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून बॅगेत टाकतो, म्हणजे तुझ्या अंगणात घरचे झाड होईल. मी तेव्हा विषय बदलला, कारण फोनवर नुसते नको म्हटले असते तर तुम्हाला वाईट वाटले असते आणि कारणे सांगायला सवड नव्हती. म्हणून हे पत्र सविस्तर लिहिते आहे. काड्या आणू नका, आणि जमत असेल तर जूनऐवजी ऑगस्टअखेरीस या. दोन्ही गोष्टींचा संबंध अंजिराशीच आहे.

काड्यांचे आधी सांगते. कॅनडात परदेशातून लागवडीची काडी आणायची तर अगोदर आयातीचा परवाना आणि आपल्याकडचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र, दोन्ही लागतात. ते नसताना काडी लपवली तर दंड, आणि खरे सांगितले तर ती विमानतळावरच टाकून द्यावी लागते; तासगावहून जपून आणलेली काडी कचऱ्याच्या डब्यात जाताना तुम्हाला पाहवणार नाही. कायदा बाजूला ठेवला तरी अंजिराच्या काडीतून मोझॅकचा विषाणू येतो, मुळी धरलेली असेल तर सूत्रकृमीही (मुळांतले डोळ्यांना न दिसणारे कृमी) येतात. दुसऱ्याच्या बागेतली काडी नीट पारखल्याशिवाय आपल्या बांधावरसुद्धा ठेवू न देणारे तुम्हीच, त्यामुळे यावर मी अधिक लिहीत नाही.

शिवाय माझ्याकडे झाडे आहेत. शिकागो हार्डी या जातीची दोन, साठ लिटरच्या कुंड्यांत. मात्र त्यांच्याआधी एक झाड मी माझ्या हाताने घालवले, हे तुम्हाला आजवर सांगितले नव्हते. पहिल्या वर्षी ऑक्टोबरात गारठा सुरू होताच मी ते रोप उचलून दिवाणखान्यात खिडकीशी ठेवले. बाहेर बर्फ आणि आत २१ अंश, त्यामुळे झाडाला उन्हाळा संपलाच नाही असे वाटले. जानेवारीत फिकट, लांबट, कागदासारखी पाने फुटली, हीटरच्या कोरड्या हवेत पानांखाली लाल कोळी माजला, आणि फेब्रुवारीअखेर सगळी पाने गळून रोप वाळले. पुढे वाचून आणि विचारून कळले की, या झाडाला हिवाळ्यात झोप लागते आणि मी त्याला जागे ठेवले होते. बाबा, पुरंदरकडचे अंजीरवाले बहार धरण्याआधी पाणी तोडून झाडाला ताण देतात, पाने गळू देतात, हे तुम्हीच मला दाखवले होते. तोच ताण इथे थंडी देते, हे मला सासवडच्या रस्त्यावर इतक्या वेळा अंजिरे विकत घेऊनही सुचले नव्हते.

आता मी रात्रीचा पारा एकदोनदा शून्याला टेकू देते. पाने पिवळी होऊन गळाली की कुंड्या चाकांच्या पाटावरून ढकलत गराजमध्ये नेते. तिथे हीटर नाही. पारा शून्याच्या किंचित खालपासून सहा-सात अंशांपर्यंत खेळतो, आणि झोपलेल्या झाडाला उजेडही लागत नाही. महिन्यातून एकदा तांब्याभर पाणी, तेही माती पार धूळ होऊ नये एवढ्यापुरते. आई, तुला हे ऐकून कसेसेच होईल, कारण तू भांड्यांचे पाणी रोज त्या अंजिराला जाईल अशी सोय करून ठेवली आहेस; पण इथे हिवाळ्यात लाड केले की मुळे कुजतात.

मार्चअखेरीस गराज उघडले तेव्हा दोन्ही झाडे रोवलेल्या वाळक्या काठ्यांसारखी दिसत होती. खोडाच्या मध्यावर नखाने साल जेमतेम खरवडली. वरचा करडा पापुद्रा निघाला आणि खाली कोवळ्या शेंगेसारखा हिरवा रंग दिसला. बोटाला चीकही लागला. एका फांदीचे टोक मात्र खरवडले तर तपकिरी निघाले, ते हिरवे लागेपर्यंत मागे छाटले. सध्या रोजची ये-जा चालू आहे: दुपारी दहाबारा अंश असले की कुंड्या बाहेर, संध्याकाळी पुन्हा आत. मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात व्हिक्टोरिया डेची सुट्टी झाली की त्या बाहेरच राहतील, कारण त्यानंतर इथे सहसा काही गोठत नाही. कंबर मात्र माझी धरली आहे.

बाबा, यातला जो भाग तुम्हाला आवडेल तो छाटणीचा आहे. अंजिराला दोनदा फळ धरते. मागच्या वर्षीच्या जुन्या काडीवर धरते ते जुलैत पिकते, त्याला ब्रेबा म्हणतात. आणि यंदाच्या नव्या फुटीवर पानाच्या बेचक्यात धरते ते ऑगस्टअखेरपासून पुढे. पारा उणे दहाच्या खाली गेला की उघड्यावरच्या काड्या मरू लागतात, आणि टोरांटोत एखादी रात्र उणे वीसलाही जाते. म्हणजे जमिनीत लावून न झाकलेल्या झाडाची थंडी दरवर्षी खरड छाटणी करते, आपण एप्रिलात द्राक्षाच्या काड्या मागे छाटतो तशी, पण फुटीसाठी एक डोळाही न राखता, थेट बुडापासून. द्राक्षाला खरड छाटणीनंतरच्या फुटीवर आपण माल घेत नाही, काडी पक्व होऊ देतो आणि फळासाठीच्या ऑक्टोबर छाटणीची वाट पाहतो. शिकागो हार्डी मात्र बुडातून फुटले तरी त्याच वर्षीच्या काडीवर फळ धरते. अडचण एवढीच की, ते पिकायला इथला उन्हाळा पुरत नाही, आणि ऑक्टोबरात हिरवीगार, टणक अंजिरे झाडावर लटकलेली राहतात. म्हणून जुने लाकूड वाचवायचे, झाड लवकर जागे करायचे, आणि नव्या काडीला पाचसहा पाने झाली की शेंडा मारायचा, म्हणजे वाढीचा जोर फळाकडे वळतो. द्राक्षाच्या काडीला बगलेतून दुसरी काडी, म्हणजे सबकेन, फुटावी म्हणून शेंडा मारताना तुमच्यामागे ओळीतून फिरले होते, त्याचा मला इथे असा उपयोग झाला.

शेजारचे इटालियन आजोबा कुंडीच्या भानगडीत पडत नाहीत. त्यांचे झाड कालाब्रियातल्या गावाकडच्या काडीचे, जमिनीतच लावलेले आहे. (त्यांनी ती काडी कशी आणली हे मी विचारले नाही, आणि तुम्हीही त्यांचा दाखला देऊ नका.) नोव्हेंबरात एका रविवारी त्यांनी मला मदतीला बोलावले. आधी फांद्या दोरीने आवळून झाड छत्रीसारखे मिटवले. मग एका बाजूच्या मुळ्या फावड्याने तोडल्या, दुसऱ्या बाजूला लांब चर खणला आणि सगळे झाड हळूहळू वाकवून त्या चरात निजवले. वाकताना खोड करकरत होते आणि माझा जीव खालीवर होत होता, पण आजोबा एकेक फांदी अशी सारखी करत होते की जणू आजाऱ्याची उशी नीट करत आहेत. वर फळ्या, फळ्यांवर पालापाचोळा, जुना गालिचा, ताडपत्री आणि शेवटी माती. वसंतात ते उकरून पुन्हा उभे करतात. गल्लीतले आणखी काही जण झाड उभेच ठेवून गोणपाट गुंडाळतात आणि आत पाणी शिरू नये म्हणून शेंड्यावर बादली पालथी घालतात; पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ते बुजगावणेच वाटले.

आई, तू विचारले होतेस की इतक्या थंडीत अंजिराला फूल कधी येते. ते आपल्या उंबरासारखेच आहे, फुले फळाच्या पोटात असतात, आणि म्हणूनच आपण क्वचित येणाऱ्या पाहुण्याला उंबराचे फूल म्हणतो. औदुंबरला गेलो की कृष्णेच्या घाटावर पडलेली उंबरे मी फोडायची आणि आतून चिलटासारखे बारीक किडे उडाले की तू ओरडायचीस. परागीकरण तेच किडे करतात. अंजिराचीही तशीच एक बारीक गांधीलमाशी असते, पण ती या थंडीत तगत नाही, आणि स्मर्ना जातीच्या अंजिरांचे फळ तिच्यावाचून गळून पडते. शिकागो हार्डीला परागीकरण लागत नाही, म्हणून इथे अशाच जाती चालतात.

फळ धरल्यावरही धीर लागतो. ते भराभर सुपारीएवढे होते, मग कित्येक आठवडे ढिम्म हलत नाही, आणि एकाएकी तीनचार दिवसांत फुगून रंग धरते. ते थबकलेले असते तेव्हा, शेवटी शेवटी, फळाच्या डोळ्यावर (देठासमोरच्या बारीक छिद्रावर) ऑलिव्ह तेलाचा थेंब लावायची जुनी युक्ती आजोबांनी सांगितली. गेल्या वर्षी मी निम्म्या फळांना तेल लावले, निम्मी तशीच ठेवली. तेलाची फळे साधारण आठवडाभर आधी पिकली. आता मी ती युक्ती फक्त उशिराच्या फळांवर करते, कारण आपसूक पिकलेल्याची चव मला सरस वाटली. देठाशी मान टाकलेले आणि सालीला बारीक चिरा पडलेले असेच तोडायचे, कारण तोडल्यावर अंजीर पिकत नाही. म्हणूनच ते दुकानात मिळते त्याहून झाडाखाली उभे राहून खाण्याचे फळ आहे, आणि जूनमध्ये आलात तर तुम्हाला फक्त पाने दिसतील.

तेव्हा ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात निघा आणि २२ सप्टेंबरच्या सुमारास परत जा. काही जण आगाप छाटणी सप्टेंबरातच घेतात, पण आपली कधीच नसते, त्यामुळे ऑक्टोबर छाटणीला बाग तुमच्याविना राहणार नाही. आई गौरी-गणपतीचे म्हणेल. गौरी यंदा इथे उभ्या करू, मुखवटे तेवढे हातातल्या बॅगेत आण. बाबांना झाडासाठी काही आणायचेच असेल तर त्यांची छाटणीची जुनी कात्री आणावी, मात्र तिची माती स्वच्छ धुवून आणि मोठ्या बॅगेत ठेवून. तिकिटाची तारीख बदलायचे पैसे मी भरते. रविवारी सकाळी फोन करीन, तोवर दोघांनी ठरवून ठेवा.

तुमची
थोरली