व्हिसा माणसाचा नसतो, कंपनीचा असतो, त्यावर लिहा

संपादक, सप्रेम नमस्कार,

गेले कित्येक महिने आपल्या पेपरात एच-१बी वर, म्हणजे अमेरिकेत नोकरीसाठी मिळणाऱ्या व्हिसावर, बातम्या येतायत आणि मी त्या सगळ्या वाचतो, कारण मी स्वतः त्या व्हिसावर पाच वर्षं काढून परत आलोय आणि माझा भाचा आत्ता त्यावरच डॅलसला आहे. बातम्यांचा सूर साधारण दोनच प्रकारचा असतो, एकतर भारतीयांना झटका, नाहीतर बरं झालं, आता ती कामं हिंजवडी-खराडीला येतील. मूळ दुखणं दोन्हीत येत नाही असं मला वाटतं म्हणून लिहायला बसलो, पत्र जरा लांब झालंय.

आधी भाच्याचं सांगतो. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तो सांगलीला आला होता, वडील जाऊन दोन वर्षं होत आली होती आणि पहिल्यांदाच पितृपक्षात घरी यायला जमलं होतं, रविवारी २१ तारखेला सर्वपित्री अमावास्या होती, भटजी ठरले होते, बहिणीने सगळी तयारी केली होती. शनिवारी पहाटे त्याच्या कंपनीच्या वकिलांचा ईमेल आला की अमेरिकेबाहेर असाल तर लगेच परत या. तिकडे शुक्रवारी १९ तारखेला ट्रम्प यांनी आदेशावर सही केली होती, एच-१बी ला १ लाख डॉलर फी, म्हणजे त्यावेळच्या दराने ८८ लाख रुपये, आणि लागू कधीपासून तर तिकडे शनिवारची मध्यरात्र उलटून १२ वाजून १ मिनिटापासून, आपल्याकडचे रविवारी सकाळचे साडेनऊ. पोराने मुंबई गाठली, त्या वेळेच्या आत पोचवणारं विमानच नव्हतं तरी तो निघाला, कारण नुसतं बसून राहायची भीती वाटत होती. तो हवेत असताना तिकडून खुलासा आला की हे फक्त नव्या अर्जांना आहे, ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांना नाही. अमावास्या त्याची दोन विमानांच्या मधे गेली.

आता मला सांगा, बारा वर्षांचा अनुभव असलेला, टॅक्स भरणारा, एकदाही नियम न मोडलेला माणूस एका ईमेलवर एवढा का घाबरतो? कारण तो व्हिसा त्याचा नाहीच आहे. पिटिशन, म्हणजे व्हिसासाठीचा अर्ज, कंपनी टाकते, मंजुरी कंपनीला मिळते, नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस, तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने नवीन पिटिशन टाकलं तर ठीक, नाहीतर घराचं लीज, गाडी, मुलांची शाळा सगळं गुंडाळून परत. हा ६० दिवसांचा नियम सुद्धा २०१७ पासूनचा आहे, मी होतो तेव्हा तर तेवढेही नव्हते. कागदावर कंपनी बदलता येते हे खरं आहे, पण ग्रीन कार्डच्या, म्हणजे तिथे कायम राहायच्या परवान्याच्या रांगेत असाल तर नवीन कंपनीला ती फाइल बहुतेकदा परत पहिल्यापासून करावी लागते. रांग तर केवढी, नोकरीवरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार आणि कुठल्याही एका देशाला त्यातली ७ टक्के, देश केवढा मोठा ते बघायचंच नाही. २०२५ संपताना ईबी-२ मध्ये, म्हणजे उच्चशिक्षितांच्या गटात, भारतीयांची तारीख २०१३ मध्येच अडकलेली होती, म्हणजे तेव्हा रांगेत लागलेल्यांचाच नंबर येत होता. एवढी वर्षं ज्याचं सगळं एका कंपनीच्या सहीवर आहे तो पगारवाढ मागेल का, मॅनेजरला नाही म्हणेल का?

मी नाही म्हणू शकलो नाही. २०१३ ची गोष्ट आहे, ओहायोत एका विमा कंपनीत आमच्या कंपनीने मला पाठवलं होतं, क्लेम्सची जुनी मेनफ्रेम सिस्टिम, काम काय तर केटी (नॉलेज ट्रान्सफर) घ्यायची, म्हणजे जुन्या माणसाकडून काम शिकून घ्यायचं, आणि पुण्यातल्या अकरा जणांच्या टीमला द्यायची. केटी देणाऱ्या बाई सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या होत्या, चोवीस वर्षं त्याच कंपनीत. त्यांना नोकरी जाताना मिळणारे पैसे केटी पूर्ण केली तरच मिळणार होते आणि हे त्यांनीच मला सांगितलं, दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी, अगदी शांतपणे. तीन महिने त्यांनी एकही गोष्ट लपवली नाही, कुठला प्रोग्रॅम रात्री कुठे अडकतो, महिनाअखेरीला काय बघायचं, हाताने लिहिलेली वही होती ती सुद्धा झेरॉक्स काढायला दिली. शेवटच्या दिवशी मला काय बोलावं ते सुचलं नाही, नुसता उभा राहिलो. आजही ते आठवलं की त्रास होतो.

तेव्हा मला कळत नव्हतं की अमेरिकेत असं करायला कायद्याने बंदी नाही का. नंतर वाचून काढलं. बंदी आहे, ज्या कंपन्या एच-१बी वरच्या माणसांवर जास्त अवलंबून आहेत त्यांनी तिथल्या कामगाराला काढून त्या जागी व्हिसावाला बसवायचा नाही, क्लायंटच्या जागेवर सुद्धा नाही. पण त्यातच सूट आहे, माणसाला वर्षाला ६० हजार डॉलर दिले की हा नियम लागूच होत नाही. हा आकडा १९९८ चा आहे आणि आजपर्यंत बदललेला नाही, १९९८ चे ६० हजार आणि आजचे ६० हजार यात किती फरक आहे ते सांगायला नको. माझा पगार ६२ हजार होता. आणि तो ऑफिसात सगळ्यांना माहीत होता कारण नियमाप्रमाणे त्याची नोटीस भिंतीवर लावावी लागते, पॅन्ट्रीत कॉफी मशीनच्या वर लावली होती, नाव नसतं पण व्हिसावर नवीन आलेला मी एकटाच. त्या बाईंनीही ती वाचली असणार. त्या भागात त्याच कामाला किती मिळतात ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

जायच्या आधी इथे पुण्यात माझ्याकडून एका कागदावर सही घेतली होती, अठरा महिन्यांच्या आत कंपनी सोडली तर तीन लाख भरायचे. म्हणजे इकडे बॉण्ड, तिकडे व्हिसा. माणूस दोन्हीकडून बांधलेला असतो म्हणून तो स्वस्त पडतो आणि स्वस्त पडतो म्हणून त्या बाईंची नोकरी जाते. भारतीय हुशार आहेत किंवा अमेरिकन आळशी आहेत अशा ज्या गोष्टी लोक बोलतात त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

आता नवीन नियमांकडे याच नजरेने बघा. १ लाख डॉलरची फी आली, त्याने ६० हजारांची पळवाट बंद झाली नाही आणि माणूस सुटलाही नाही, उलट एवढे पैसे भरून आणलेल्या माणसाला कंपनी सहज सोडेल का? एच-१बी च्या जागा लॉटरीने मिळतात, २०२६ च्या लॉटरीपासून पगाराच्या लेव्हलप्रमाणे चिठ्ठ्या, सगळ्यात वरच्या चौथ्या लेव्हलला चार, खालच्या पहिल्या लेव्हलला एक. याची दिशा मला तरी त्या फीपेक्षा बरी वाटते, स्वस्त माणूस आणायचा मोह थोडा कमी होईल, पण तिकडे कर्ज काढून एमएस करणाऱ्या पोरांना पहिली नोकरी पहिल्या-दुसऱ्या लेव्हलचीच मिळते आणि वर्षाच्या ८५ हजार जागांमधल्या २० हजार तिथल्या मास्टर्सवाल्यांना आहेत त्यातही त्यांची चिठ्ठी मागेच पडणार. पन्नास लाखांचं एज्युकेशन लोन काढणाऱ्या आईबापांना हे कुणीतरी मराठीत नीट समजावून सांगायला पाहिजे. कन्सल्टन्सीवाले सांगत नाहीत.

कामं पुण्यात येतील याचा आनंद मलाही आहे, माझ्याच सोसायटीतली निम्मी घरं त्यावर चालतात. पण सिनेटमध्ये बाहेर दिलेल्या कामाच्या पैशांवर २५ टक्के टॅक्स लावायचं विधेयक मांडून झालंय, ते पास होवो न होवो, आज व्हिसावर आहे ती तलवार उद्या या कामांवर येऊ शकते. आणि नोटीस पिरियड ९० दिवसांचा, नोकरी सोडल्याचं रिलीव्हिंग लेटर अडवून ठेवायचं, रात्री दहाचे कॉल, हे इथेही तसंच चालू आहे.

म्हणून माझी विनंती आहे की आपल्या खासदारांना आणि अमेरिकेशी व्यापार कराराची बोलणी करणाऱ्यांना सांगा, नुसते व्हिसाचे आकडे वाढवून मागू नका, ६० दिवसांचे १८० दिवस मागा, कंपनी बदलली तर ग्रीन कार्डची फाइल सोबत नेता यावी हे मागा. माणूस मोकळा झाला तर तो स्वस्त राहणार नाही आणि तिथल्या माणसाला काढून त्याला आणायचं कारणही उरणार नाही. आणि इथे, राज्य सरकारच्या कामगार खात्याला बॉण्ड आणि रिलीव्हिंग लेटरबद्दल विचारा.

भाच्याच्या पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपलाय, इकडे आला तर परत जायला नवा घ्यावा लागेल. डिसेंबरपासून सोशल मीडिया तपासणी सुरू झाली तेव्हा स्टॅम्पिंगला आलेल्या त्याच्या दोन मित्रांच्या मुलाखती एकदम काही महिने पुढे ढकलल्या, एकाची बायकोमुलं तिकडे आणि तो इथे. ते बघून हा यंदा येत नाही म्हणाला. बहिणीने दिराच्या मुलाला सांगून ठेवलंय, अमावास्येला तो बसेल.

आपला,
एक नियमित वाचक
वाकड, पुणे